आमची जमीन, मावशींचं छत

मटार सोलताना एखादा दाणा हातातून निसटला की तो मोरीकडच्या कोपऱ्यात जाणार, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आई तर दाण्यामागे जायचीही नाही. सोलून झाले की फ्रिजखाली केरसुणी घालून सगळे एकदम बाहेर काढायची. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही प्रश्न पडला नाही की दाणे तिकडेच का जातात.

गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची बारा बाय पंधराची खोली आहे. तळमजल्यावर दुकान, वर तीन मजले, भिंती दीड फूट जाडीच्या आणि मजले कडीपाटाचे. म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सागाच्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा आणि त्यावर ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे लावलेली लादी. अशा घरात जमीन थोडी हलायचीच. मुलाने दोरीवरच्या उड्या मारल्या की कपाटातली भांडी वाजायची, आणि आम्ही त्याला ओरडायचो. जमिनीला कोण ओरडणार?

१९ सप्टेंबर २०२३ ला गणपती बसले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. संध्याकाळच्या आरतीला सतरा-अठरा माणसं होती. टाळ्या आणि झांजा रंगात आल्या, पुढची पोरं ठेक्यात पाय आपटायला लागली आणि समईची ज्योत त्याच ठेक्यात वर-खाली व्हायला लागली. वारा नव्हता, खिडकी बंद होती. मी आरती म्हणत होते, पण डोळे समईवरून हलत नव्हते. आरती संपल्यावर कुणाला काही बोलले नाही. मुलाला फक्त म्हटलं, मंत्रपुष्पांजली गॅलरीत उभं राहून म्हणा, आत उकडतंय.

पुढच्या रविवारच्याही पुढच्या रविवारी, १ ऑक्टोबरला, भावाने मिस्त्रीकडून पाण्याची लेव्हलची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक भिंतीपाशी धरायचं, दुसरं जिथे मोजायचं तिथे. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर राहतं, तिथून खाली लादीपर्यंत पट्टीने मोजायचं. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, एवढंच सांभाळायचं. फूट-फूट अंतरावर मोजून वहीत खोलीचा नकाशा काढला. खोलीच्या मधोमध जमीन भिंतीपेक्षा दहा सूत खाली होती, म्हणजे सव्वा इंच. आणि मोरीच्या कोपऱ्यात तर भिंतीला लागूनसुद्धा चार सूत खाली. हा कागद पुढे प्रत्येकाला दाखवावा लागला. तुम्हाला कुणाला बोलवायचं असेल तर त्याआधी असा कागद करून ठेवा. पट्टीने मोजलेलं हातात असलं की समोरचा माणूस ‘जुनी बिल्डिंग आहे, चालायचंच’ म्हणत नाही.

ऑक्टोबरभर ठेकेदार येऊन गेले. पहिला म्हणाला, सगळं तोडा, लोखंडी बीम टाका आणि स्लॅब भरा, साडेचार लाख. दुसरा म्हणाला, वरून लेव्हल करून नवीन टाइल्स लावून देतो, कळणारपण नाही, नव्वद हजार. खरं सांगते, मला हा दुसराच आवडला होता. कळणारपण नाही, हेच तर हवं होतं.

ऑफिसमधल्या एकीच्या ओळखीने ४ नोव्हेंबरला स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. पाहणीचे आणि लेखी अभिप्रायाचे साडेसात हजार. साठीचे गृहस्थ, बूट बाहेर काढून पायमोज्यांवर आत आले, खोलीच्या मध्यभागी उभे राहिले, टाचा उचलल्या आणि एकदम टेकवल्या. कपाटातली भांडी वाजली. मग भिंतीजवळ जाऊन तेच केलं. मग मोरीपाशी. तिथे भांडी वाजली नाहीत, नुसता एक भद्द आवाज आला. त्यांनी तोंड वाकडं केलं.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हलणं वेगळं आणि खचणं वेगळं. कडी लांबीच्या मानाने बारीक असेल, किंवा कड्या एकमेकींना आडव्या ठोकळ्यांनी बांधलेल्या नसतील, तर लाकूड ठणठणीत असूनही जमीन उसळते. मुलाची लाकडी फूटपट्टी घेऊन त्यांनी ती आडवी धरली आणि वाकवली. मग उभी धरली आणि म्हणाले, आता वाकवा. कडी रुंद असून फारसा उपयोग नाही, उंच हवी. उंची दुप्पट केली तर वाकणं आठपट कमी होतं. खचण्याची कारणं निराळी. लाकूड वर्षानुवर्षं ओझ्याखाली हळूहळू बाक धरतं. तो बाक दिसायला वाईट, पण त्यानेच घर पडतं असं नाही. भिंत किंवा तुळई बसली तरी वरची जमीन खचते. आणि सर्वांत वाईट म्हणजे भिंतीत गेलेलं कडीचं टोक कुजणं. कडी मधे वाकते तेव्हा आधी इशारा देते. टोक मात्र भिंतीच्या आत असतं, ते दिसतच नाही. बारा फुटांच्या कडीला तीन-साडेतीन सूत वाक चालतो, तुमचा दहा आहे, आणि मोरीपाशी तो वाक नाहीच, तिथे टोक बसलंय असं वाटतं, असं म्हणून त्यांनी माझा कागद खिशात घातला.

स्लॅबचं विचारल्यावर त्यांनी पाठीमागच्या कॅलेंडरवरच हिशेब केला. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. आपल्या खोलीला पाच टन. ‘या भिंतींना विचारलंत का?’ आणि लेव्हल करून वर टाइल्स?

‘याआधी कितीदा केलंय?’ त्यांनी विचारलं.

मी गप्प बसले. कारण १९८४ मध्ये बाबांनी कोब्याला मध्ये खळगा पडला म्हणून तो मसाल्याने भरून वर मोझॅक लावलं होतं. आणि २०११ मध्ये मोझॅकला खळगा पडला म्हणून मी तो भरून वर व्हिट्रिफाइड लावल्या होत्या. खळगा मधोमध पडतो, म्हणजे भरताना सगळ्यात जास्त माल मधोमध पडतो. जिथे कडी सगळ्यात दुबळी, नेमकं तिथेच आम्ही दोनदा ओझं टाकलं होतं, आणि दोन्ही वेळा शेजारीपाजारी ‘किती छान दिसतंय’ म्हणून पेढे खाऊन गेले होते.

तोवर काय करायचं, तर पाण्याचे दोन्ही ड्रम मोरीशेजारून काढून दुसऱ्या भिंतीला लावले. भरलेला ड्रम दोनशे किलोचा असतो, हे आपल्याला ड्रम म्हणून सुचत नाही. गोदरेजचं कपाट मधून हलवून कडीच्या टोकाशी, भिंतीला चिकटवून. आणि एक ताकीद: एका रात्रीत दार अडकायला लागलं, कडकड आवाज आले, खालच्या छताचे पोपडे अचानक पडले, तर विचार करत बसायचं नाही. दोन्ही घरं रिकामी करायची आणि महापालिकेच्या १९१६ वर फोन करायचा.

पण टोकं बघायची कुठून? वरून बघायची तर सगळी लादी फोडायची. खालून बघायची तर खालच्या मावशींचं छत उघडायचं.

मावशींचं आणि आमचं २०१६ पासून बिनसलं होतं. आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या भिंतीतून उतरायचं. मी प्लंबर आणून दोनदा जाळी बदलली, पांढरं सिमेंट भरलं आणि माझ्या लेखी विषय संपला. त्यांच्या लेखी तो संपला नव्हता. दिवाळी होऊ दिली, फराळाचं ताट घेतलं आणि १८ नोव्हेंबरला खाली गेले. फराळाचं ताट घेऊन जाणं हा लाचखोरीचाच प्रकार, पण दुसरं काय नेणार?

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘किती दिवस?’

मग उठून मला आतल्या बाजूला नेलं. वर प्लायचं छत होतं, त्याला पंखा. पंख्याखाली पलंग असायला हवा, तो नव्हता. पलंग दाराकडे सरकवलेला होता. ‘तुझा मुलगा धावला की पंखा झुलतो. तीन वर्षं झाली, मी नातवंडांना याच्याखाली झोपवत नाही.’ मी विचारलं, बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, ‘मोरीचं बोलले होते ना.’

२५ नोव्हेंबरला इंजिनिअर, सुतारकाका आणि मी त्यांच्या घरी होतो. मोरीखालचा दोन बाय दोनचा प्लाय काढला. वर काळ्या पडलेल्या कड्या दिसल्या, तीन इंच रुंद आणि सात इंच उंच, दीड-दीड फुटावर. सुतारकाकांनी मधल्या भागावर हातोडीने टकटक केलं, खणखणीत आवाज आला. भिंतीपाशी केलं, आवाजच आला नाही. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि जरा जोर दिला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा सोबत ओल्या खारीसारखा लाकडाचा भुगा आला. मावशींनी तो तळहातावर घेतला, बोटांनी चोळला आणि माझ्या हातात दिला. काही बोलल्या नाहीत.

भिंतीत कडीच्या खाली एक बारीक चीर होती. इंजिनिअरनी तिच्यावर काचेची एक पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवली आणि पेन्सिलने तारीख लिहिली. चीर हलली तर काच तडकणार. खर्च शून्य, घरात एखादी फुटकी काच असतेच.

यापुढचा भाग कागदांचा. आमची चाळ पागडीची आणि उपकरप्राप्त. मुंबई शहरात १९६९ च्या ३० सप्टेंबरपर्यंत बांधलेल्या उपकरप्राप्त इमारतींचे तीन वर्ग आहेत. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या अ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ब वर्गात आणि नंतरच्या क वर्गात. आम्ही अ. मालमत्ता कराबरोबर हा दुरुस्तीचा उपकर जातो आणि अशा इमारतींचं काम म्हाडाचं दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ बघतं. इंजिनिअरनी सांगितलं, लादी, गिलावा, रंग ही किरकोळ दुरुस्ती, पण कड्यांना हात लावायचा तर मालकाची संमती आणि मंडळाचं पत्र घेतल्याशिवाय मी सही करणार नाही.

चाळीत ही बातमी पसरली आणि दोन दिवसांत माझ्याशी बोलणारी माणसं निम्मी झाली. भीती खोटी नव्हती. पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. त्यात नाव आलं की घर खाली करायचं आणि संक्रमण शिबिर. तिथे गेलेले लोक परत कधी येतील याची खात्री कुणी देत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात मला म्हणाले, ‘तुम्ही साहेबांना बोलावून सगळ्यांचा बाजार उठवाल.’ मी त्यांना इंजिनिअरचा लेखी अभिप्राय दाखवला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की भिंती सुस्थितीत आहेत, दोष एका खोलीच्या कड्यांपुरता आहे आणि इमारत रिकामी करण्याची गरज नाही. त्या पत्राची झेरॉक्स मी सगळ्या बिऱ्हाडांना वाटली. अभिप्राय लिहून घेताना हे वाक्य आहे की नाही ते बघा. दोष कुठे आहे याइतकंच तो कुठे नाही हेही लेखी लागतं.

२८ नोव्हेंबरला मालकांना रजिस्टर एडीने नोटीस पाठवली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो. वाचून मला फार बरं वाटलं, मग पुढचं वाक्य वाचलं: एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. आमचं भाडं महिना १९० रुपये. म्हणजे वर्षाला ५७० कापता येतील. शेवटी आमचा जो खर्च झाला तो या हिशेबाने फिटायला साडेचारशे वर्षं लागतात. तरीही नोटीस पाठवाच. पैसे मिळतील म्हणून नव्हे, तारीख पडते म्हणून.

पंधरा दिवस गेले, उत्तर नाही. भाडं घ्यायला येणारे मेहताजी ‘शेठच्या टेबलावर आहे’ म्हणायचे. १५ जानेवारीला, संक्रांतीला, तिळगूळ घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी तिळगूळ घेतला, माझा हात धरला आणि मला थेट मोरीखालच्या भिंतीपाशी नेलं. काच तडकली होती. मधोमध, केसाएवढी. त्या रात्री मला झोप लागली नाही. आई खोलीतून चालत बाथरूमला गेली तर मी तिची पावलं मोजत होते.

तडकलेल्या काचेचा फोटो तारखेसकट मालकांना पाठवला. १९ जानेवारीला संमतिपत्र आलं. सर्व खर्च भाडेकरूचा, पोटमाळा काढायचा नाही, खोलीचा वापर बदलायचा नाही, काम झाल्यावर फोटो द्यायचे. मला सगळं मान्य होतं. ५ फेब्रुवारीला मंडळाकडे अर्ज दिला. सोबत इंजिनिअरचा नकाशा आणि अभिप्राय, मालकाचं संमतिपत्र, मावशींचं ना हरकत पत्र, भाडेपावती, वीजबिल आणि फोटो. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि तो क्रमांक मोबाइलमध्ये टाकून ठेवा. प्रत्येक फेरीत पहिला प्रश्न तोच असतो. २७ फेब्रुवारीला कनिष्ठ अभियंते येऊन पाहून गेले, १४ मार्चला पत्र हातात आलं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. दोन दिवस इकडचे तिकडे झाले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी केला नाही.

आता खरी गंमत. कड्या खालून जॅकने उचलायच्या, म्हणजे टेकू मावशींच्या जमिनीवर उभे राहणार. पण मावशींची जमीनसुद्धा कडीपाटाचीच! आमच्या खोलीचं ओझं त्यांच्या कड्यांवर देऊन कसं चालेल? म्हणून त्यांच्या जमिनीखालीही टेकू हवेत, म्हणजे तळमजल्यावरच्या दुकानात, थेट जोत्यापर्यंत. माझी जमीन दुरुस्त करायला मला दोन मजले खाली उतरून हात जोडावे लागले. दुकानवाले शेठ डाळींच्या गोण्यांमागून म्हणाले, ‘बेन, ग्राहक कुठून येणार?’ मग स्वतःच गोण्यांची रांग अशी फिरवली की सहा टेकू गोण्यांच्या मागे लपले. एका पैशालाही तयार झाले नाहीत. दिवाळीत मिठाई दिली ती घेतली.

९ एप्रिलचा पाडवा करून १५ तारखेला काम सुरू केलं. मावशी लेकीकडे डोंबिवलीला, आम्ही भावाकडे बोरिवलीला. मावशींना मी तीन आठवडे सांगितले होते.

आधी लादी फोडली. व्हिट्रिफाइड, खाली मसाला, खाली मोझॅक, खाली पुन्हा मसाला. मधोमध मसाल्याची जाडी जवळजवळ चार इंच होती. बाबांचा थर आणि माझा थर वेगळा ओळखू येत होता, त्यांचा लालसर, माझा राखाडी. १३० गोण्या डेब्रिज निघालं. साधारण पंचवीस किलोची गोणी धरली तर सव्वातीन टन. तीस रुपये गोणी याप्रमाणे खाली उतरवायचे ३,९००, टेम्पोचे साडेसहा हजार. डेब्रिज रस्त्याच्या कडेला टाकू नका, दंड होतो. महापालिकेची डेब्रिज उचलायची सेवा आहे, आधी नोंद करावी लागते. चुन्याचा मूळ कोबा इंजिनिअरनी ठेवायला सांगितला. घोटून घोटून केलेला तो थर अजून टणक होता. फक्त मोरीच्या बाजूचा काढला.

शेवटची गोणी गेली त्या संध्याकाळी पुन्हा नळी लावली. मधला भाग दहाऐवजी आठ सूत खाली. कुणीही काहीही न उचलता जमीन आपणहून दोन सूत वर आली होती. सुतारकाका म्हणाले, ‘ताई, उसासा टाकला तिने.’

मग मावशींचं छत पूर्ण उघडलं. नऊ कड्यांपैकी तिघींची टोकं गेलेली, तिन्ही मोरीच्या बाजूच्या. आणि एक धक्का: मधल्या एका कडीला खालच्या अंगाला दीड इंचाची खाच, कधीकाळी कुणीतरी वायरिंगची पट्टी न्यायला मारलेली. कडीचा खालचा भाग ताणला जातो, त्यातही मधोमध सगळ्यात जास्त. तिथेच कापलं होतं. खाचेपासून चीर निघाली होती. कडीला भोक पाडायचंच असेल तर उंचीच्या मध्यावर, टोकापासून आणि मधल्या भागापासून दूर. कडेला खाच कधीच नको. हे तुमच्या इलेक्ट्रिशियनला सांगा, तो ऐकणार नाही, समोर उभे राहा.

२९ एप्रिलपासून जॅक. टेकूंवर आडवी जाड फळी आणि तिच्याखाली स्क्रूचे जॅक. इंजिनिअरची सक्त ताकीद होती, दिवसाला एक सूत, त्याहून जास्त नाही. एकदम उचललं तर कडी तडकते, वरच्या मजल्याच्या भिंतीला चिरा जातात. रोज संध्याकाळी ऑफिसातून मी तिथे जायचे. सुतारकाका दांडी पाव वळसा फिरवायचे आणि थांबायचे. लाकूड कुरकुरायचं. जुन्या बाजेवर कुणी कूस बदलावी तसा आवाज. मग शांत झालं की पुन्हा पाव वळसा. चार दिवसांत चार सूत झाले. मी म्हटलं, अजून चार राहिलेत. इंजिनिअर म्हणाले, ‘म्हातारीच्या पाठीचा बाक आहे तो. सरळ करायला जाल तर मोडेल.’ तिथेच थांबलो. मोरीच्या कोपऱ्यातली टोकं मात्र मूळ जागी आली.

खराब चार कड्यांना दोन्ही बाजूंनी सहा इंची लोखंडी चॅनल लावून आरपार बोल्ट मारायचे ठरले होते. फॅब्रिकेटरने पाच इंची आणले. ‘मॅडम, एक इंच से क्या होता है?’ मला त्याला फूटपट्टी दाखवावीशी वाटली. परत पाठवले, चार दिवस गेले. नवीन आले ते तेरा फुटी, एकेक सहासष्ट किलोचा, आणि आमचा जिना वळणाचा. शेवटी दोराने गॅलरीच्या कठड्यावरून ओढून घेतले. बारा फुटांच्या खोलीत तेरा फुटांचा चॅनल कसा बसवतात हे मला बघायचंच होतं. एका भिंतीत खड्डा खोल करतात, चॅनल तिरका धरून त्यात आत ढकलतात, सरळ करतात आणि दुसऱ्या भिंतीतल्या खड्ड्यात मागे ओढतात. दोन्हीकडे सहा-सहा इंच टेकला पाहिजे, आणि खाली लोखंडी पाटा हवा, म्हणजे ओझं एका विटेवर येत नाही. आठ चॅनल, ५३० किलो, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि बसवण्यासह किलोला ११० रुपये, ५८,३०० झाले.

कुजलेला भाग कापून टाकला. चांगल्या कड्यांच्या टोकांभोवतीचं सिमेंट मात्र खरवडून मोकळं केलं. कुणीतरी पूर्वी ते गच्च भरून ठेवलं होतं, त्यात ओल कोंडते. लाकडाच्या टोकाला हवा लागली पाहिजे. सगळ्या कड्यांच्या मधे दोन रांगांमध्ये सागाचे ठोकळे ठोकले. त्यामुळे एका कडीवर पाय पडला की शेजारच्याही भार घेतात. खोली हलायची थांबली ती मुख्यतः या ठोकळ्यांनी, आणि सगळ्या कामात स्वस्त तेच होते. वाळवीच्या औषधाचे साडेसहा हजार.

१३ मेच्या दुपारी मुंबईत धुळीचं वादळ आलं तेव्हा मावशींचं छत उघडं, माझी मोरी उघडी आणि खिडकीची तावदानं काढलेली. दोन्ही घरांत बोटभर धूळ. २० मेला मतदान, त्याआधी कामगार गावी गेले ते २२ ला आले. मी रोज डोंबिवलीला फोन करून नवी तारीख सांगायचे. मावशी फक्त ‘बरं’ म्हणायच्या. ते ‘बरं’ ऐकणं सगळ्यात कठीण होतं.

मोरी नव्याने बांधली. वॉटरप्रूफिंगनंतर दोन इंच पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवलं, मावशींचं छत तेवढ्यासाठी उघडंच ठेवलं होतं. खालून टॉर्च मारून चारदा बघितलं. कोरडं. त्यानंतरच त्यांना नवा प्लाय लावला. आमच्या जमिनीवर कोब्याच्या चिरा भरून घेतल्या, वर सिमेंट बोर्ड आणि व्हायनिल. दिसायला टाइल्सची सर नाही, हे कबूल. उरलेला चार सुतांचा खळगा तसाच ठेवला. ठेकेदाराच्या माणसाने ‘थोडा भरून देऊ का’ विचारलं तेव्हा आईच म्हणाली, ‘हात लावू नका.’

२६ मेला मावशी परत आल्या. तीनाचे सहा आठवडे झाले होते. सगळा मिळून खर्च २,५६,५००. त्यात इंजिनिअरचे पाहणी, नकाशा आणि देखरेखीचे साडेबत्तीस हजार, आणि मावशींच्या छताचे आणि रंगाचे अठ्ठावीस हजार. ते मागायची त्यांच्यावर वेळ येऊ दिली नाही. भिंतीवर नवी काचपट्टी लावली, तारीख मावशींनी स्वतः लिहिली. ९ जूनला पाऊस आला. पावसाळाभर त्या रोज सकाळी चहाआधी टॉर्च मारून काच बघायच्या. अजून शाबूत आहे. पलंग पंख्याखाली परत गेला.

७ सप्टेंबर २०२४ ला गणपतीत पुन्हा तितकीच माणसं होती. मी या खेपेला समईकडे मुद्दाम बघितलं नाही. मुलाने बघितलं. म्हणाला, हलत नाही.

परवा संध्याकाळी दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका, हातात तिळाच्या वड्यांचा डबा. आत येऊन इकडचं तिकडचं बोलले, व्हायनिलवर पाय दाबून बघितला, आणि मग वर, आमच्या छताकडे बघत म्हणाले, ‘आमच्याकडेही जरा हलतंय. तुमचे ते इंजिनिअर म्हणतात, खालून उघडून बघावं लागेल.’

मी वडी उचलली आणि विचारलं, ‘किती दिवस?’